छातीपर्यंतची ओल

लेकीचा फोन आला तेव्हा मिस्त्री जेवत होता. "बाबा, घराला ओल आलीय. जरा बघून जाता का?" एवढंच ती म्हणाली. ओल म्हटलं की त्याला खरं तर कंटाळा यायचा. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता, पाणी कुठून येतं ते हुडकायचं आणि त्याची वाट बुजवायची. पण लेकीचा आवाज काही ठीक वाटेना. ताट तसंच सारून त्यानं हत्यारांची पिशवी उचलली.

जावई दारातच उभा होता. "या. तुम्हाला बघून तरी ओल घाबरते का पाहू," तो म्हणाला, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. भर दुपारची वेळ, खिडक्या सताड उघड्या, तरी आत शेवाळाचा गार वास कोंडला होता. लेक मधल्या खोलीत उभी होती. सहा महिन्यांची छकुली तिच्या खांद्यावर झोपली होती.

मिस्त्रीनं भिंती ठोकून पाहिल्या. गिलावा कुठेच फुगलेला नव्हता. मग त्यानं लेव्हलची नळी काढली, पाणी भरलेली लांब, पारदर्शक नळी, जिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. एक टोक जावयाकडे देऊन तो खोल्याखोल्यांतून फिरला. ओल नेहमी वेडीवाकडी पसरते, कोपऱ्यात चढते, उन्हाच्या बाजूला उतरते. ही तशी नव्हती. तिन्ही खोल्यांत ती बरोबर छातीपर्यंत होती. कपाटाच्या दारावर, पडद्यावर, दोरीवर टाकलेल्या टॉवेलवर, सगळीकडे एकच रेषा होती. नळीतलं पाणी प्रत्येक ठिकाणी त्या रेषेवर येऊन थांबलं.

"रोज चार बोटं चढते," लेक हळूच म्हणाली. "आणि बाबा... छकुलीला खाली ठेवता येत नाही."

"म्हणजे?"

"ठेवली की गुदमरते. तोंडातून पाणी येतं. दूध नाही, पाणी... हिरवट. खांद्यावर घेतली की लगेच बरी. दवाखान्यात टेबलावर ठेवली तिथेही तेच. आम्हा दोघांना काहीच होत नाही. फक्त हिला." तिनं छकुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आधी उंचावर तरी ठेवता यायची. आता दोन दिवस झाले, आम्ही आळीपाळीनं हिला घेऊन उभे आहोत. रेषा खांद्यापर्यंत आली की काय करायचं हो?"

मिस्त्रीनं नळी गुंडाळून खाली ठेवली. घर घेताना लेकीनं त्याला विचारलं होतं, जागा कशी आहे. चांगली आहे, असं त्यानंच सांगितलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी इथे तळं होतं. तळाशी जिवंत झरा होता आणि त्यावर विटांची अरुंद विहीर. तळं बुजवताना विहिरीच्या तोंडावर स्लॅब टाकायचं काम त्याच्याकडे आलं. त्याला हात धरून काम शिकवणारे थोरले मिस्त्री तेव्हा होते. ते म्हणाले, "झऱ्याला वीतभर वाट ठेव रे. आणि आधी त्याला सांग, बाबा, आम्ही येतोय. हे त्याचं घर आहे, आपण मागून आलो." कामावरचा इंजिनियर मोठ्यानं हसला. "जमीन, पाणी सगळं माणसासाठीच असतं, काका. पाण्याला काय कळतंय?" मिस्त्रीला ते फार पटलं. आपण नव्या विचाराचे, म्हाताऱ्यासारखे खुळे नाही, हे चारचौघांत दाखवायची त्याला हौस होती. खालून बुडबुडे येत होते, तरी त्यानं शेवटची फट लिंपली, वर थापी आपटली आणि म्हणाला, "आता गुदमर आत!" सगळे हसले. थोरले मिस्त्री तेवढे उठून गेले. त्यानंतर ते त्याच्याशी कधीच बोलले नाहीत.

"तुम्ही दोघं अंगणात जा," तो लेकीला म्हणाला. "मी हाक मारल्याशिवाय येऊ नका."

पाळण्याखालची फरशी पोकळ वाजली. पाळणा बाजूला सारून त्यानं छिन्नी लावली. फरशी गेली, भराव उपसला, आणि घाम गाळून तासाभरानं तो स्लॅबपाशी पोचला. आपलं काम त्यानं लगेच ओळखलं. पहार घालून स्लॅब फोडला तेव्हा त्याला वाटलं होतं, पाणी उसळेल.

आत कोरडं ठणठणीत होतं. खालून फक्त एक श्वास वर आला. लांबच लांब, गार, किती वर्षं रोखून धरलेला... तो संपतच नव्हता.

मिस्त्रीनं भोकाच्या कडेला डोकं टेकलं. "चूक माझी आहे," तो रडत म्हणाला. "त्या लेकराचं काय चुकलं? मला घे... मला."

मग विहिरीच्या तळातून आवाज आला. त्याचाच, बावीस वर्षांपूर्वीचा, तरणाबांड, हसरा.

"आता गुदमर आत!"

तो मागे कोसळला. भानावर आला तेव्हा भिंतीवरची रेषा विटत चालली होती. पडदा सुकून वाऱ्यावर हलत होता. त्यानं हाक मारली. लेक धावत आली, भिंतीकडे पाहिलं, जीव मुठीत धरून छकुलीला पाळण्यात ठेवलं. पोर गुदमरली नाही. अंगठा तोंडात घालून तिनं पाय झाडले आणि खुदकन हसली. लेक हुंदके देत बापाच्या गळ्यात पडली. जावयानं त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

मिस्त्री बसायला वाकला. हनुवटी मघाच्या रेषेच्या उंचीला आली आणि नाकातोंडात गार, शेवाळलेलं पाणी शिरलं. तो धडपडत सरळ झाला. उभं राहताच श्वास आला. त्यानं शर्टाकडे पाहिलं. खालून छातीवरच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत तो ओलाचिंब होता, आणि त्याच्यावर कोरडा.

"घामाघूम झालात बाबा," लेक म्हणाली. "दमलात किती! आता घरी नका जाऊ."

तिनं कोपऱ्यातली गादी ओढून खाली अंथरली, चादर नीट केली, उशी थोपटली.

"या. इथे आडवे व्हा."