साडेपाचला किल्ली फिरते तेव्हा

हे खरं घडलंय. करमणूक म्हणून वाचणार असाल तर इथेच थांबा. खाली 'छान कथा' असं लिहिणाऱ्यांचा मला आधीच राग आलाय.

आणि भुतं फक्त अमावस्येच्या रात्री येतात असं कोणी शिकवलं असेल, तर तेही विसरा. हे झालं गुरुवारी, दुपारी साडेचारला, लख्ख उन्हात.

मी परदेशात एका खेड्यात ट्रॅक्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. गावात एक दुकान, एक मोठा रस्ता, आणि त्या रस्त्यावर दिवसभर लाकडाचे ट्रक. माझं भाड्याचं घर गावाच्या टोकाला. दोन खोल्या माझ्या, तिसरी कायम बंद. "जुनं सामान आहे," घरमालक म्हणाला होता. हसतमुख माणूस.

पाच महिने मी त्या गावात मान खाली घालून राहिलो. दुकानदारीण आता कुठे मला हसून नमस्कार करायला लागली होती. तेवढ्यात आई-बाबा दोन महिन्यांसाठी आले.

बाबा चाळीस वर्षं चावीवाले. बिघडलेलं कुलूप दिसलं की त्यांना जेवण गोड लागत नाही. येतानाही आईच्या शालीत कानस आणि कोऱ्या चाव्या गुंडाळून आणल्या होत्या. "का, परदेशात काय कुलपं नसतात?"

तिसऱ्या दिवशी बाबा फिरायला निघाले आणि वाट चुकले. भाषा येत नाही, पत्ता पाठ नाही. ट्रकखाली जाता जाता वाचले. ट्रकवाल्याने त्यांना दंडाला धरून थेट वर्कशॉपमध्ये आणलं. सगळे हसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना मी पुढचं दार बाहेरून लावायला लागलो. त्या दाराला आतूनसुद्धा किल्लीच लागते. किल्ली एकच, माझ्या खिशात. मागचं दार नाही.

"तुमच्याच भल्यासाठी," मी म्हणालो.

दोघं काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन.

"अरे, त्या बंद खोलीत कोणी राहतं का?"

"सामान आहे गं."

"सामान दार वाजवत नाही रे."

दुपारभर वाजतं म्हणाली. तीनदा... मग थांबतं... मग परत तीनदा. पाच वाजले की जोर वाढतो. आणि साडेपाचला मी पुढच्या दारात किल्ली फिरवली, की एकदम बंद.

म्हणजे मला ऐकू येणारच नाही. सोयीस्कर! घरात बसून बसून यांना भास होतायत, मी मनात म्हटलं. मंगळवारी चिडलो. बुधवारी आईवर ओरडलो. ती गप्प बसली, याचाही राग आला.

गुरुवारी साडेचारला बाबांचा फोन.

"दार उघडलं मी."

"कुठलं दार?"

"खोलीचं. ती टकटक थांबेचना रे..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच्या घरातलं कुलूप! उद्या घरमालक सामानासकट बाहेर काढेल, गावभर चोर म्हणून नाव होईल. पाना तिथेच टाकून मी घरी धावलो.

खोलीत सामान नव्हतंच.

एक लोखंडी पलंग. एक पेला. खिडकीवर ठोकलेल्या फळ्या. सगळ्यावर बोटभर धूळ, आणि धुळीत एकही पाऊल नाही.

"ओरड नंतर," बाबा म्हणाले. "आधी हे बघ."

त्यांनी दाराची आतली बाजू दाखवली. किल्लीला भोक नाही. कडी नाही. मूठसुद्धा नाही. फक्त कमरेच्या उंचीवर तळहाताएवढा रंग उडालेला, आतलं लाकूड गुळगुळीत झालेलं. तेवढ्या जागी धूळही नव्हती.

"वर्षानुवर्षं एकाच जागी बोटं आपटल्याशिवाय असं होत नाही," बाबा म्हणाले.

दार भिंतीला टेकून सताड उघडं होतं. आम्ही तिघं त्याच्यापासून हातभर लांब.

आणि...

टक्... टक्... टक्...

आमच्या डोळ्यांसमोर. साडेपाच वाजायला अजून वेळ होता. कोणी नाही. प्रत्येक ठोक्याला दार थरथरत होतं.

आई पालीला घाबरणारी बाई. पण ती पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "उघडं आहे हो. या बाहेर."

क्षणभर शांत झालं...

टक्... टक्... टक्...

मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. तसाच घरमालकाकडे गेलो. तो कुंपणाची झुडपं छाटत होता.

"कोणाला कोंडलं होतंस त्या खोलीत?"

त्याने कात्री खाली ठेवली. नाकारलं नाही.

"आईला. मी कामावर असायचो तेव्हा. ती बाहेर पडायची, हरवायची. रस्त्यावर ट्रक असतात. साडेपाचला येऊन उघडायचो." मग म्हणाला, "तिच्याच भल्यासाठी. नऊ वर्षं, ती जाईपर्यंत."

"लाज वाटत नाही? स्वतःच्या आईला?"

मी आणखी बरंच बोललो. शिव्यासुद्धा दिल्या. तो ऐकत होता. त्याची नजर माझ्या मुठीवर होती.

"तुझे आईवडील आत्ता कुठे आहेत?" त्याने विचारलं.

मी मूठ उघडली.

पुढच्या दाराची किल्ली.

रागाच्या भरात निघताना, सवयीने, मी दार लावून आलो होतो. त्या दोघांना आत ठेवून. तिच्यासोबत.

आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं म्हणतात ना? तो मीच.

किती पळालो आठवत नाही. आत टकटक चालू होती... किल्ली फिरली... थांबली.

दोघं दाराच्या आत जमिनीवर बसले होते, एकमेकांचा हात धरून. शेजारी बाबांची हत्यारं.

"बाबा, हे दार का नाही उघडलंत? तुम्हाला काय अवघड होतं?"

"अवघड कसलं? दोन मिनिटांचं काम. पहिल्याच दिवशी उघडलं असतं." ते उठता उठता म्हणाले, "पण ते तू लावलं होतंस ना."

दुसऱ्या आठवड्यात ते परत गेले. ठरल्यापेक्षा दीड महिना आधीच. "घरची आठवण येते रे," एवढंच आई म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर मी त्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं आणि घरमालकाच्या अंगणात नेऊन टाकलं. दुसरं घर मिळत नाही. या गावात भाड्याची घरं आहेतच किती?

मागच्या रविवारी आईने फोनवर विचारलं, "अजून वाजतं का रे?"

"ते दारच काढलं मी."

"पाच वाजले की जोर वाढायचा तिचा," आई म्हणाली. "आम्हीही तेव्हापासून दाराशीच येऊन बसायचो. तुझ्या किल्लीचा आवाज आला की जीवात जीव यायचा बघ."

मी फोन ठेवला.

आत्ता पावणेसहा झालेत. मी घराबाहेर पायरीवर बसून हे लिहितोय. किल्ली हातात आहे. फिरवली की थांबेल, दार उघडलं की आत कोणी नसेल, हे मला माहीत आहे. रोजचंच आहे.

खोलीचं दार राहिलं नाही, म्हणून ती आता पुढचं दार वाजवते.

आतून.

पण परवापासून ठोके तिच्या एकटीचे नाहीत. एकाच वेळी दोन ठिकाणी वाजतंय... एक कमरेच्या उंचीवर, आणि एक अगदी खाली, जमिनीलगत. जिथे आई-बाबा बसायचे.

सकाळपासून तिकडे आई-बाबांना फोन लावतोय. कोणी उचलत नाही.