जास्तीची घडी

लोक काय परत पाठवतात, यावरून लोक कळतात. लग्नात मिरवून आलेली शेरवानी 'साइज बसली नाही' म्हणून परत येते आणि तिच्या खिशात अक्षता सापडतात. मिक्सर 'चालतच नाही' म्हणून येतो, तळाशी खोबऱ्याची चटणी वाळलेली असते. पूर्णा गावातल्या एका गोदामात परतीच्या मालाचा विभाग मी सांभाळते. नाव माधवी. संध्याकाळपर्यंत पाय सुजतात, आणि माणसांवरचा विश्वास तर कधीच उडून गेलाय. दिवसभर ट्रक येतात, धूळ बसते, पंखे ती उठवतात, ती पुन्हा बसते.

माझ्या हाताखाली माल तपासायला मनोज होता, अंजूरचा. त्याची बायको तुळजा पलीकडच्या ओळीत पॅकिंगला. मनोज कामात चोख, बाकी सगळ्यात अर्धवट. तंबाखूने ओठ काळे पडलेले, सोमवारी डोकं दुखायचं, पगार झाला की माणूस गायब. ओरडले की हसायचा. "ताई, जातो तसा परत पण येतो ना मी? लोकांचा माल येतोच की न्हाय?"

गणपती उठले आणि ते खेळणं आलं. रोबोट. हातपाय मुडपले, छाती उलटी फिरवली की त्याचा पाण्याचा टँकर होतो. मूळचा लाल-निळा, तो पोरं घेतात. हा 'स्पेशल एडिशन', हा मोठी माणसं घेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. साचा तोच, सांधे तेच, फक्त रंग बदललेला. अंगभर ताकासारखा पांढरट, डोळे मातकट. तेवढ्यासाठी तो कितीतरी महाग. मला नवल वाटलं नाही. मुलगी बघायला येणारेही रंगालाच भाव देतात.

तो विकला गेला आणि परत आला. दुसऱ्यांदा गेला, पुन्हा आला. तिसऱ्यांदाही तेच. गिऱ्हाइकं वेगळी, गावं वेगळी, तक्रार एकच: चुकीची वस्तू आली. मनोजने प्रत्येक वेळी तपासला. खोका बरोबर, नंबर बरोबर, वस्तू बरोबर.

"माणसंच चुकीची हायत, ताई."

खंडेनवमीला गोदाम बंद ठेवणं शक्य नव्हतं, दिवाळीचा माल सुटत होता. म्हणून फोर्कलिफ्ट, एक स्कॅनर आणि टेपचं मशीन एवढ्यांना बाजूला मांडून दुपारी पूजा केली. पूजेला लावलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, एवढं आमच्याकडे सगळेच पाळतात. मनोजने ओळीच्या टोकाला तो रोबोट उभा केला, कपाळी कुंकू लावलं, डोक्यावर झेंडूची पाकळी ठेवली.

"नारळ पण फोड त्याच्यासमोर," फोर्कलिफ्टवाला नवशा म्हणाला.

"का रं? ह्यो पण मशीनच हाय."

सगळे हसले. मीही.

तासाभरात त्याच रोबोटची ऑर्डर पडली, संध्याकाळच्या गाडीला लावायची. खोक्यात तो टँकर करूनच ठेवतात. मनोजने बाहीने कुंकू पुसलं आणि टेबलावर घेऊन तो मुडपायला लागला.

"ताई, ह्याच्यात एक घडी जास्त हाय."

"साचा तोच आहे रे. जास्तीची कुठून येईल?"

"टँकर झाला. आता टँकरची पण घडी पडतेय. बघा तरी."

मी बघितलं नाही. समोर पावसाळी बुटांचा ढीग होता आणि मला घरी जायचं होतं. कानावर मात्र येत होतं. कट्. कट्. सांधे बसल्याचा आवाज. मग एक आवाज जरा ओला, कोंबडीची तंगडी तोडताना येतो तसा.

मान वर केली तेव्हा खोका बंद होता. मनोज ताठ बसून माझ्याकडे बघत होता.

"झालं, ताई. काही राहिलेलं नाही."

खोका गेला. या वेळी परत आला नाही.

मनोज मात्र सुधारला. तंबाखू सुटली, ओठ गुलाबी झाले. सोमवारी सगळ्यांच्या आधी हजर. पगार पाकिटासकट तुळजाच्या हातात. रंगही उजळला. नवशा विचारायचा, "कुठली क्रीम लावतोस रे? आम्हाला पण सांग." बायका तुळजाला म्हणायच्या, कुठला उपास केलास ते तरी कळू दे. तुळजा टेप ओढत राहायची, मान वर न करता. मी मनाशी हिशेब लावला होता: व्यसन गेलं, झोप मिळाली, वर ट्यूबलाइटही नव्या बसवल्या होत्या. माणूस गोरा दिसायला एवढं पुरतं.

दिवाळी उरकल्यावर एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तुळजा माझ्या टेबलापाशी आली. मनोजचं मनगट धरून त्याला घेऊन आली. तो मुकाट्याने आला.

"ताई, तुमी परत आलेला माल तपासता ना?"

"हो. का गं?"

"ह्याला तपासा."

मी हसायला गेले, पण तिचा चेहरा बघून थांबले. नवऱ्याला चारचौघांत 'हा' म्हणणारी बाई नव्हती ती.

"काय केलं त्याने?"

"काय पण न्हाय. ताट धुतो, येळेवर झोपतो. 'आहे-नाही' बोलतो, मास्तरासारखा. सासूबाई खूश हायत." तिने आवाज खाली आणला. "आमच्या ह्यांना वांगं बघून वकारी यायची. हा मागून खातो. मी रडले तर पाणी आणून देतो. ते उठून भायेर जायचे, ताई. दाराशी बिडी ओढत बसायचे. पण तितंच बसायचे, मी गप होईपतूर."

मनोज ऐकत उभा होता, चेहऱ्यावर समजूतदार हसू.

"तो रोबोट कुटं हाय?" तिने विचारलं.

"विकला गेला."

"कुणाला?"

"गिऱ्हाइकाचा पत्ता आम्हाला दिसत नाही, तुळजा."

"मंग ह्याची घडी कोन सोडवनार?"

माझ्या कामाची एक सवय आहे. नकली स्पेशल एडिशनही येते, जुन्या लाल-निळ्यावरच कुणीतरी नवा रंग चढवलेला असतो. ती वरून कळत नाही. सांधा उघडून बघावा लागतो. मुडपलेल्या जागेत रंग पोचत नाही. तुळजालाही हे ठाऊक असणार, मनोजनेच घरी सांगितलेलं. एकटीने बघायचं धाडस तिला झालं नव्हतं, एवढंच.

"मनोज, बाही वर कर."

त्याने केली. दंड पांढरट, गुळगुळीत.

"हात सरळ कर. आणखी ताण."

कोपराच्या आतली घडी उलगडली.

तिथे एक रेघ होती. दोऱ्याएवढी, सावळी. जुन्या मनोजच्या रंगाची. तेवढ्या रेघेत घाम होता. बाकी हात कोरडा.

मी बोट लावलं. हात गार होता. रेघ गरम होती.

"आत हायत का ते?" तुळजाने विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणाले की नाही, मलाच सांगता आलं नसतं. तिने मात्र हो धरलं.

ती खाली बसली. त्याचा हात मांडीवर घेतला. तोंड रेघेजवळ नेलं.

"अवो," ती म्हणाली. "मी हाय. ऐकू येतंय का?"

मनोज आमच्याकडे बघून तसाच हसत होता.

हाताची बाकी कातडी तशीच राहिली, गुळगुळीत. फक्त त्या रेघेवरची लव हळूहळू उभी राहिली.