फटफटीवरून भैंशाला

लक्षेटीपेठच्या रस्त्यावर बैलगाडीचा आख मोडला, तेव्हा विनोदिनीला वाईट वाटायला हवं होतं. ती चक्क हसली. संध्याकाळी भैंशाला जयवंताबाईंच्या मुलासाठी तिला दाखवायचं होतं. बाईंना प्रवास झेपत नसे, म्हणून अनंतरावच लेकीला घेऊन निघाले होते. आता पुढच्या गावातली मोटार काही मिळत नव्हती.

तेवढ्यात धुळीचा लोट उठला. बाजूला डोलीसारखी बैठक जोडलेली फटफटी, वर एक उंच तरुण.

"मी चिंतामणी. ढोरांचा डॉक्टर. भैंशावरून बासरकडं जाऊन राह्यलो. येता का, काका?"

लेकीनं डोलीत बसावं, आपण मागं, असं अनंतरावांनी ठरवलं; पण त्यांचा दुखरा गुडघा काही वर जाईना. शेवटी तेच डोलीत बसले, आणि विनोदिनी पदर खोचून, एका बाजूला पाय सोडून, चिंतामणीच्या मागं.

"घट्ट धरा."

"काय धरू?"

"...सीटचा दांडा."

रस्ता गोदावरीच्या काठाकाठानं धावत होता. थंडीतलं कोवळं ऊन, जोंधळ्यावर उतरलेले राघू... वळण आलं की नदी एकदम समोर यायची, रुंद, निळी. वेणीतली शेवंती वाऱ्यानं कधीच उडवून नेली होती.

"ढोरं ऐकतात का तुमचं?" तिनं ओरडून विचारलं.

"ढोरं ऐकतात. माणसांचं सांगता येत नाही."

"मग मलाच गाय समजून सांगा काहीतरी!"

"गाईला मी कान खाजवून सांगत असतो—" तो बोलून गेला, आणि त्याचेच कान लाल झाले.

दुपारी चिंचेखाली त्यांनी शिदोरी सोडली. अनंतराव तिथंच आडवे झाले. ठेच्याच्या पहिल्या घासाला चिंतामणीचे डोळे भरले.

"तिखट लागलं?"

"नाही... वारा गेला डोळ्यात."

"इथं कुठाय वारा?"

तो हसला. "भैंशाला काय काम काढलं?"

"मला दाखवायला नेऊन राह्यलेत."

त्याचा घास हातातच राहिला. "मुलगा चांगला असंल."

"असंल. पण मला कसा पाहिजे, ते कुणी विचारलंच नाही."

"कसा पाहिजे?" त्यानं हळूच विचारलं.

विनोदिनी पाण्याकडे बघत राहिली... गाल मात्र तापले होते.

पुन्हा निघाल्यावर फटफटी रेंगाळायला लागली.

"डॉक्टर, गाडी बिघडली का?" विनोदिनीनं विचारलं.

"नाही."

"मग एवढी हळू काऊन?"

त्यानं वेग आणखी कमी केला. मग म्हणाला, "भैंसा जवळ येऊन राह्यलं म्हणून."

विनोदिनीचा हात दांड्यावरून सुटला आणि त्याच्या खांद्यावर आला. "थांबवा."

ती उतरून वडिलांसमोर उभी राहिली. "बाबा, मला हे पसंत आहेत."

"शब्द दिलाय मी, बाई."

"दाखवायचाच दिलाय ना? दाखवा. नाही म्हणायचं ते मी म्हणीन."

अनंतरावांनी चिंतामणीकडे पाहिलं. "अन् तुमचं काय म्हणणं?"

"काका, मी तर मघापासून..."

"कळलं. इतकी हळू तर आमची बैलगाडीबी नव्हती!"

उरलेल्या वाटेत त्यांनी त्याचं गाव, घर, आईवडील, सगळं विचारून घेतलं.

भैंशाला जयवंताबाईंनी धुळीनं माखलेल्या विनोदिनीला पाटावर बसवलं. तिनं हात जोडले. "मावशी, रागावू नका. मी दुसऱ्याला पसंत केलंय."

"अगं, कधी?"

"आज. वाटेत."

अनंतरावांनी मान खाली घातली. जयवंताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठून दारात गेल्या. अंगणात चिंतामणी फटफटीला टेकून, नखं कुरतडत उभा होता.

"ओ डॉक्टर, आत या," त्यांनी हाक मारली. "पोहे तुमच्यासाठी केले नव्हते, पण आता तुमीच खा."