सहाव्या भागाची टेप

स्वतःची टिमकी वाजवू नये म्हणतात, पण मी वाजवणारच. 'खडकावरचा दिवा' या मालिकेचा सहावा भाग अख्ख्या जगात फक्त माझ्याकडे होता. चित्र नाही, नुसता आवाज. सदुसष्ट साली, बारा वर्षांची असताना, टीव्हीच्या स्पीकरपुढे माइक धरून मी तो टेप केला. पुढे टीव्हीवाल्यांनी मूळ फिती पुसून टाकल्या. हडर्सफील्डच्या या ग्लेनिसने मात्र आपली जपली!

टेपमध्ये चौदाव्या मिनिटाला आमची आई स्वयंपाकघरातून ओरडते, "चल, जेवायला ये, गार होतंय!" लगेच माझं "शू!" मालिकेच्या आमच्या चाहते मंडळात ती हाक सगळ्यांना पाठ आहे. एकटा डेरिक म्हणायचा, "ग्लेनिसबाई, हे तुम्ही घरीच नाटक करून भरलंय." दहा वर्षं हेच. मेला मला खोटं पाडायलाच टपला होता.

आणि मग परदेशात कुठल्याशा तळघरात त्या भागाचं रीळ सापडलं.

शनिवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये ते दाखवलं. चाळीसेक माणसं, चहा, बिस्किटं. मी डेरिकलाच शेजारी बसवलं आणि माझ्या टेपवरून उतरवलेले संवाद त्याच्या मांडीवर ठेवले. "लाव बोट आणि वाच."

तेरा मिनिटं एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"मानलं बाई तुम्हाला," तो पुटपुटला. ऊर भरून आला माझा. खोटं कशाला बोलू, डोळेही भरले.

पडद्यावर दीपगृहातले दोन रखवालदार टेबलाशी बसले होते. बाहेर वादळ.

"चल, जेवायला ये, गार होतंय!"

आईच. आमच्या घरात कधीही न आलेल्या रिळात.

माझं "शू!" मात्र आलं नाही.

थोरला रखवालदार हॉब उठला. ओल्या बुटांनी सरळ आमच्याकडे चालत आला आणि चित्राबाहेर गेला.

त्याचा आवाज तिथेच राहिला. माझ्या टेपमधलाच, शब्द न् शब्द. धाकटा रिकाम्या खुर्चीशी बोलत होता.

भाग संपला. टाळ्या. "काय डोकं होतं त्या काळच्या लोकांचं!" मागून कोणीतरी म्हणालं.

डेरिकने टाळ्या वाजवल्या नाहीत. "तुमच्या आई होत्या ना त्या?"

"मग! माझीच आई." मान ताठच होती माझी.

"जेवायला काय केलं होतं त्यांनी त्या दिवशी?"

"मटण-बटाट्याचं सारण भरलेली पाई. पण मला कुठली मिळायला! भाग संपल्यावर आत गेले तर माझं ताट चाटूनपुसून साफ. आई मोरीपाशी भांडी घासत होती. वळूनही न बघता म्हणाली, 'आत्ताच जेवून गेलीस ना? आणि फरशीवर एवढं पाणी कुठून आणलंस गं?'"