भर उन्हात घोंगडी

“माणसाने रक्तावर कायमचा विजय मिळवला आहे!” निवृत्त शास्त्रज्ञ नानांनी ओसरीवर दाढी करता करता जाहीर केलं आणि हनुवटी कापून घेतली. लगेच विजेते ओरडले, “मैथिली, तुरटी!”

नात तुरटी शोधेपर्यंत रक्त आपोआप थांबलंही. नानांनी श्रेय विज्ञानाला दिलं.

इतक्यात पठारावरून हाका आल्या. पवनचक्की दुरुस्त करताना शिवदासमामा, म्हणजे नानांचा मुलगा, शिडीवरून पडला होता. दोघं धावत पोहोचली, तेव्हा गावची यंत्रमानव परिचारिका सखू मामाच्या मांडीवरची खोल जखम दाबून पट्टा आवळत होती. मामाचा चेहरा पांढराफटक, शुद्ध हरपलेली. उडत्या रुग्णवाहिकेला यायला अवकाश होता.

“तोंडावर गार पाणी मारा! वारा घाला!” नाना ओरडले. कुणी बेशुद्ध पडलं की आपल्याकडे पहिली धाव माठाकडेच. मैथिलीने जवळच्या खोपटातून कळशी भरून आणली.

“पाणी नको. घोंगड्या आण,” सखू म्हणाली.

“या उन्हात?”

“या उन्हातच.”

मैथिलीने खोपटातल्या घोंगड्या आणून मामाच्या अंगावर घातल्या. पण पट्ट्याखालून रक्त झिरपतच होतं.

“नानांचं तर लगेच थांबलं. मामाला एवढं लागलंय, मग शरीराने जास्त जोर लावायला नको?”

“लावतं, पण गोंधळतं,” सखू म्हणाली. “जखम झाली की आधी प्लेटलेट (रक्तातले चिमुकले कण) भोक बुजवतात. मग फायब्रिनची (चिवट धाग्यांची) जाळी त्यांना बांधून ठेवते. काम संपल्यावर जाळी विरघळवणारं पथकही शरीरातच असतं. पण जबर मार लागून खूप रक्त गेलं, की ते पथक कधी कधी फार लवकर कामाला लागतं.”

“म्हणजे लग्न लागायच्या आधीच मांडववाले खांब उपटायला हजर!” मैथिली म्हणाली.

“अगदी. त्यात धागे संपत येतात आणि रक्त गेल्याने उन्हातही अंग गार पडलं की जाळी विणणं मंदावतं. हा आघातजन्य रक्तगोठण-बिघाड (मोठ्या इजेनंतर रक्त नीट न गोठणं) दवाखाना गाठायच्या आधीच सुरू होतो. म्हणून ऊब आत्ताच हवी, औषधही आत्ताच.”

सखूने एका सुईतून मांडववाल्यांना थोपवणारं औषध दिलं, दुसरीतून प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग, धाग्यांचा कच्चा माल यातच असतो). नानांनी कळशी उचलली. मग त्यातलं पाणी त्यांनीच पिऊन टाकलं.

मैथिली घोंगडीत हात घालून मामाची गार बोटं धरून बसली. हळूहळू झिरपणं थांबलं. बऱ्याच वेळाने बोटं किंचित हलली. वर रुग्णवाहिकेची घरघर ऐकू आली.

नानांनी डोळे पुसले आणि ते ताठ उभे राहिले. “एक दिवस असा येईल, की मनगटावरचा साधा पट्टा रक्ताचा हा गोंधळ पहिल्या क्षणीच ओळखेल! आणि त्या दिवशी अखिल मानवजात...”

“नाना,” घोंगड्यांच्या ढिगातून क्षीण आवाज आला, “तेवढी नाकावरची घोंगडी सरकवा. टोचतेय.”