तिसऱ्या चौकीवरचं विमान

डॉक्टरबाई आल्या तेव्हा वहिनी शिलाई मशीनला तेल घालत होत्या आणि भाऊजी शब्दकोडं सोडवत होते. म्हणजे भाऊजी रिकाम्या चौकोनांकडे बघत होते आणि वहिनी मान न वळवता उत्तरं सांगत होत्या.

वहिनी खासगी तपास करतात. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. ते गाडी चालवतात, वहीत नोंदी ठेवतात आणि ज्याच्यावर संशय घेतात तो माणूस हमखास निर्दोष निघतो. त्यामुळे त्यांचाही तपासाला उपयोग होतोच.

"माझ्या सासऱ्यांनी एक चूक कबूल केलीय," डॉक्टरबाई दारातूनच म्हणाल्या. "ती त्यांनी केलेली नाही. उद्या अकराच्या आत मला हे सिद्ध करून हवंय."

"आधी बसा," वहिनी म्हणाल्या. "अकराला अजून एक अख्खा दिवस आहे."

डॉक्टरबाई डोळ्यांच्या सर्जन होत्या. दर गुरुवारी स्वतःचं छोटं विमान घेऊन त्या डोंगरापलीकडच्या इस्पितळात शस्त्रक्रिया करायला जात. तिथे डोळ्यांचा दुसरा डॉक्टर नव्हता. वाटेत लष्कराचं तोफांच्या सरावाचं मैदान लागे.

"सराव असेल त्या दिवशी तिथलं आकाश बंद असतं," त्या म्हणाल्या. "जमिनीपासून वर, समुद्रसपाटीच्या हिशेबाने सहा हजार फुटांपर्यंत. त्याच्या वरून कोणीही जावं. मी नेहमी साडेसहा हजारांवरून जाते. गेल्या गुरुवारीही तशीच गेले. आणि सोमवारी उड्डाण कार्यालयाची नोटीस आली, की नऊ वीसला माझं विमान सत्तेचाळीसशे फुटांवर होतं."

"म्हणजे बंद आकाशाच्या पार आत," भाऊजी म्हणाले.

"लायसन्स जाणार हे ठरलेलंच. पण परवा माझ्या सासऱ्यांनी कार्यालयात कागद दिला. विमानाचे मिस्त्री तेच आहेत. त्यांनी लिहिलंय, मी बसवलेला अल्टिमीटर उंची जास्त दाखवत होता, सुनेचा दोष नाही. आता उद्या अकराच्या सुनावणीत माझ्याऐवजी त्यांचं लायसन्स जाईल. पस्तीस वर्षांचं."

"तुम्ही खाली उतरला होता?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"मग यंत्र चुकलं. आणि यंत्र त्यांनी बसवलं."

डॉक्टरबाईंनी पर्सचं बटण दोनदा उघडलं आणि दोनदा लावलं. "मला तसं म्हणायचं नाहीये."

"म्हणायचं नाहीये, पण वाटतंय," वहिनी म्हणाल्या.

विमानाची शेड धावपट्टीच्या कडेला होती. भिंतीवर नकाशा, नकाशावर डॉक्टरबाईंच्या हाताची पेन्सिलची रेघ.

"ही माझी वाट," त्यांनी बोट ठेवलं. "हा डोंगर म्हणजे ओळखीची खूण. एक्कावन्नशे फूट. माथ्यावर लष्कराची तिसरी चौकी आहे, तिच्या बरोबर वरून गेलं की थोडं डावीकडे वळायचं."

"निघताना अल्टिमीटर बघितला होतात?"

"तो बघितल्याशिवाय मी चाकं हलवत नाही. काटा धावपट्टीच्या उंचीवर होता. अगदी बरोबर."

सासरे विमानाखालून बाहेर आले ते हात पुसतच. बुटके, जाड चष्मा. पाहुण्यांकडे त्यांनी पाना हरवल्यासारखं पाहिलं.

"मी लिहून दिलंय. आता काय उरलं?"

"यंत्र किती जास्त दाखवत होतं, बाबा?" वहिनींनी विचारलं.

"असेल हजार. नाहीतर दीड हजार. नंतर मी नीट केलं ना."

"असेल?"

"असेल म्हणजे असेल. वय झालं, लक्षात राहत नाही."

त्यांच्या बाकावर अवजारं लहान-मोठ्या क्रमाने लावलेली होती. अल्टिमीटर ज्या खोक्यातून आला होता त्याला सुतळीने एक कार्ड बांधलं होतं. वहिनींनी ते वाचलं. रेखीव अक्षरात लिहिलं होतं, 'बसवलं, तपासलं, फरक दहा फूट.' खाली सही आणि गुरुवारच्या आधीच्या सोमवारची तारीख.

वहिनींनी कार्ड होतं तसं ठेवलं.

फ्लाइंग क्लबच्या सचिवांनी तर विचारायच्या आधीच उत्तर दिलं. "हो, ती सावलीतली शेड मला हवी होती. बाईंना मिळाली. भांडण झालं, सगळ्यांना माहीत आहे. आणि हो, फळ्यावर रोज हवेचा दाब मीच लिहितो, त्यावरून सगळे अल्टिमीटर लावतात. पण त्या दिवशी पाच विमानं तोच आकडा लावून गेली. बाकी चौघांना काही झालं नाही."

बाहेर येताच भाऊजींनी वहीत सचिवांच्या नावाखाली दोन रेघा मारल्या. "फार तयारीचं उत्तर होतं, वहिनी."

"भांडकुदळ माणसाची उत्तरं तयारच असतात, भाऊजी. त्याला रोज लागतात ती."

विमानात शेजारच्या सीटवर भूलतज्ज्ञ बसत. ते गावातल्या इस्पितळाच्या कँटीनमध्ये सापडले.

"मी लोकांना झोपवतो," ते कळवळून म्हणाले, "आणि विमानात बसलो की कोणीतरी मलाच झोपवावं असं वाटतं. यंत्राला हात? अहो, माझे दोन्ही हात सीटला चिकटलेले असतात. डोळेसुद्धा मी फक्त एकदा उघडले."

"काय दिसलं?"

"खाली डोंगराचा माथा, माथ्यावर लाल निशाण. पलीकडच्या मैदानात धुराचे पुंजके उठत होते, एकामागून एक. पाच-दहा मिनिटं मनातल्या मनात मृत्युपत्र केलं आणि पुन्हा बघितलं, तरी उठतच होते. मग नाही उघडले."

"एकदा म्हणालात."

"बरं, दोनदा."

लष्करी मैदानाच्या फाटकावर मोठी पाटी होती. समोर आलेली पाटी शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्याशिवाय भाऊजींचा पाय पुढे पडत नाही. त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "लाल निशाण असताना प्रवेश बंद. छायाचित्रं काढू नयेत. बंद हद्दीत विमान दिसल्यास गोळीबार तात्काळ थांबवावा. पडलेल्या वस्तूंना हात लावू नये. तोफांचं मैदान, समुद्रसपाटीपासून अठराशे फूट. गुरं सोडू नयेत."

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"खाली रंगवणाऱ्याचं नाव आहे."

"ते राहू द्या."

ज्या हवालदाराची गुरुवारी तिसऱ्या चौकीवर पाळी होती तो नेमका फाटकावरच होता. माणूस बोलका.

"पाहिलं ना. बरोबर डोक्यावरून गेलं. मान मोडेपर्यंत वर बघितलं, तळहाताएवढं दिसत होतं. खाली तोफांजवळ आमचे दुर्बिणीवाले बसतात, त्यांनी उंची मोजली. दिवसभरात जी विमानं दिसतात त्यांची यादी जाते उड्डाण कार्यालयात."

"तुम्ही तक्रार केलीत?"

"तक्रार कसली? यादी असते ती. नियम आहे म्हणून पाठवायची."

"गोळीबार किती वेळ थांबवला होता?"

हवालदार हसला. "त्या दिवशी? चहापुरता थांबला, तेवढाच. तोही साडेदहाला."

उड्डाण कार्यालयात पोचेपर्यंत चार वाजले. तिथली कारकून मुलगी नवीन होती आणि घाबरलेली होती. तिने फॉर्म काढून दाखवला. वेळ, नऊ वीस. जागा, तिसऱ्या चौकीच्या बरोबर वर. तिसऱ्या रकान्यावर छापलेलं होतं, 'उंची, समुद्रसपाटीपासून', आणि खाली तिच्या अक्षरात ४७००.

"फोनवर काय सांगितलं होतं?"

"हेच. उंची सत्तेचाळीसशे. मी दोनदा विचारून लिहिलंय, बाई. माझी खरंच चूक नाही."

"किती दिवस झाले इथे?"

"तीन आठवडे. आधीचे काका निवृत्त झाले, तीस वर्षं होते. गोळीबाराच्या दिवसाची ही माझी पहिलीच यादी. मी त्यांना विचारलं होतं, यात काही विशेष असतं का? ते म्हणाले, काही नाही गं, फोन आला की लिहायचं."

वहिनींनी त्या काकांचा नंबर घेतला, तिथूनच फोन लावला, एक प्रश्न विचारला आणि आभार मानून फोन ठेवला.

परतताना भाऊजींनी निकाल सांगून टाकला. "सचिव. शंभर टक्के सचिव."

"भाऊजी, त्या डोंगरातून बोगदा गेलाय का हो?"

"रस्त्याचा?"

"विमानाचा."

भाऊजींनी गाडी बाजूला घेतली आणि वहिनींकडे नीट बघितलं. वहिनी खिडकीबाहेर बघत गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी अकराला कार्यालयाच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. टेबलाच्या टोकाला साहेब, बाजूला फॉर्म घेऊन कारकून मुलगी. भिंतीकडे भूलतज्ज्ञ आणि सचिव. सासरे आणि सून शेजारी बसले होते, पण मध्ये एक खुर्ची रिकामी होती. सासऱ्यांनी आपलं लायसन्स आधीच काढून टेबलावर ठेवलं होतं.

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "आधी हा कबुलीजबाब बाजूला ठेवा. तो खोटा आहे."

"मी लिहिलाय," सासरे गुरगुरले.

"लिहिलात तुम्हीच. पण जो माणूस कार्डावर दहा फुटांचा फरक नोंदवतो, तो हजार-दीड हजार असेल असं म्हणत नाही. तुम्हाला खोटा आकडासुद्धा नीट सांगता आला नाही, बाबा. शिवाय इतकं चुकलेलं यंत्र जमिनीवरच उघडं पडलं असतं. निघताना काटा बरोबर होता."

"म्हणजे बाई खाली उतरल्या," साहेब म्हणाले.

"तेच बघू. त्या सत्तेचाळीसशेवर होत्या, असं तुमचा फॉर्म म्हणतो. कुठे? तिसऱ्या चौकीच्या बरोबर वर. हवालदारही तेच म्हणतो, डोक्यावरून गेलं, मान मोडेपर्यंत वर बघितलं. आता मला सांगा, तिसरी चौकी किती उंचीवर आहे?"

साहेबांनी मागच्या नकाशाकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एक्कावन्नशे," ते सावकाश म्हणाले.

"म्हणजे सत्तेचाळीसशेवरचं विमान चौकीच्या चारशे फूट खालून गेलं. डोंगराच्या पोटातून."

भाऊजींनी "बोगदा!" म्हणून मांडीवर थाप मारली. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, तसं त्यांनी वहीत डोकं घातलं.

"आणि तोफा," वहिनी पुढे म्हणाल्या. "बंद हद्दीत विमान दिसलं तर गोळीबार तात्काळ थांबवायचा, हे फाटकावरच लिहिलंय. गुरुवारी तो थांबला नाही. या डॉक्टरांनी दोनदा डोळे उघडले आणि दोन्ही वेळा धूर बघितला. लष्कर नियमाला पक्कं असतं. त्यांनी विमान पाहिलं, मोजलं, यादीत घातलं आणि तोफा चालू ठेवल्या, कारण त्यांच्या हिशेबाने ते बंद हद्दीच्या वर होतं."

"मग सत्तेचाळीसशे आकडा आला कुठून?"

"तो खरा आहे. फक्त मोजला कुठून ते बघा. दुर्बिणीवाले बसतात तोफांजवळ. तोफ चालवणाऱ्याला समुद्राशी काय देणंघेणं? त्यांची शून्य उंची म्हणजे तोफेखालची जमीन. आणि ती जमीन समुद्रसपाटीपासून आहे अठराशे फूट. सत्तेचाळीसशे अधिक अठराशे?"

"साडेसहा हजार," कारकून मुलगी पुटपुटली.

"तुझ्या आधीचे काका फोन आला की अठराशे मनात मिळवायचे आणि मग लिहायचे. तीस वर्षं. काल मी विचारलं तर म्हणाले, हो, मिळवायचे असतात, त्यात सांगायचं काय? श्वास घ्यायचा असतो हे कोणी सांगतं का? ती बेरीज कुठेच लिहिलेली नव्हती. काका निवृत्त झाले, त्यांच्याबरोबर तीही निवृत्त झाली. तुझी चूक नाही गं. तू ऐकलं तेच लिहिलंस."

साहेबांनी तोफांच्या मैदानावर फोन लावला. दोनच वाक्यं झाली. फोन ठेवून त्यांनी नोटीस उभी-आडवी फाडली आणि टेबलावरचं लायसन्स सासऱ्यांच्या बाजूला सरकवलं. मग मुलीला सांगितलं, त्या रकान्याशेजारी लाल शाईने अठराशे लिहून ठेव, सगळ्या फॉर्मांवर.

खोली रिकामी झाली. जिन्यापाशी सासरे आणि सून थांबले होते. वहिनी भाऊजींचा हात धरून जरा मागे राहिल्या.

"बाबा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "यंत्र बरोबर आहे हे तुम्हाला माहीत होतं. म्हणजे मीच खाली उतरले असं तुम्ही धरून चालला होता."

"हो."

"माझ्यावर इतकाही विश्वास नव्हता?"

"नव्हता. म्हणून तर लिहून दिलं." सासरे चष्मा पुसत होते. "तू चुकली नाहीस असं वाटलं असतं, तर कशाला लिहिलं असतं? न चुकलेला माणूस आपला आपण उभा राहतो. तुला काय वाटलं होतं?"

डॉक्टरबाईंचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तुमच्या हातून चुकलं. मी तोंडाने नाही म्हणत होते, पण वाटत होतं."

"वाटणारच. वय झालंय माझं."

"आणि मी तुमच्यासारखं काही लिहून दिलं नाही, बाबा. एक ओळसुद्धा नाही."

लायसन्स खिशात ठेवून सासऱ्यांनी कठड्याला हात लावला. डॉक्टरबाईंनी त्यांचा दुसरा हात धरला आणि ती दोघं एकेक पायरी उतरू लागली, सासऱ्यांच्या चालीने.