होडीचं बूच

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. पण जेवता जेवता वाचत असाल तर आधी ताट संपवा, मग या.

हे आमच्या मावशीच्या बाबतीत घडलं. शनिवारी, भर दुपारी, दोन वाजून वीस मिनिटांनी. खाडीच्या मुखाशी जुन्या होड्यांचं संग्रहालय आहे, त्याच्या मागच्या शेडमध्ये.

मावशी तिथे जुनी लाकडं साफ करायची. चिखलातून काढलेलं लाकूड एकदम वाळवलं तर तडकतं, म्हणून ते कित्येक महिने गोड्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात. त्या वर्षी टाकीत एक होडी आली होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी बुडालेली.

ती मावशीच्या वडिलांची होडी. म्हणजे माझ्या आजोबांची.

होडीच्या तळाला एक भोक असतं. होडी किनाऱ्यावर ओढली की बूच काढायचं, आत साचलेलं पाणी वाहून जातं. पुन्हा पाण्यात लोटण्याआधी बूच ठोकायचं. त्या दिवशी आजोबा ते ठोकायला विसरले, असं सगळे म्हणायचे. चार माणसं गेली. तिघांची प्रेतं मिळाली, चौथा गावातला शिंपी, त्याचं कधीच मिळालं नाही. आजोबा पोहून परत आले आणि मरेपर्यंत एकच सांगत राहिले, की बूच मी ठोकलं होतं.

शाळेत पोरं मावशीला 'बूच' म्हणायची. लग्नानंतर सासरीही ते नाव तिच्याआधी पोहोचलं होतं.

सोमवारी संग्रहालयाचे साहेब येणार होते, शिंप्याचा मुलगाही येणार होता. सगळ्यांसमोर त्या भोकातला गाळ काढायचा होता. मावशीला तोवर धीर निघेना.

आता त्या टाकीबद्दल.

भरतीला तिच्यातलं पाणी चढायचं... ओहोटीला उतरायचं. सिमेंटची बंद टाकी, तीही खाडीच्या पाण्याहून उंच, टेकाडावर. गवंड्याने दोनदा प्लास्टर केलं आणि शेवटी हात टेकले. नळाचं पाणी भरलेलं, पण शिंतोडा ओठावर उडाला की खारट लागायचा. वर साय धरायची. राखाडी, जाड. ढकलली की सुरकुत्या पडायच्या आणि खालून सडक्या मासळीचा भपकारा यायचा. शी! मावशीने घरी दुधाची साय खाणं तेव्हापासूनच सोडलं.

त्या शनिवारी मोठी ओहोटी होती. टाकी पार रिकामी झाली होती.

शेडमध्ये एकही माशी नव्हती... एवढ्या घाणीत एकही माशी नाही, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

ती अनवाणी होडीत उतरली. बोटांच्या फटींतून गाळ वर आला. तो कोमट होता.

लाकडी चमच्याने तिने भोकाभोवतीचा चिखल खरवडला. केसांचा गुंता निघाला, तो तिने तोंड फिरवून बाजूला टाकला. मग दिसलं.

भोक बुजलेलं होतं. आत काहीतरी घट्ट बसलं होतं.

मावशीचा बांधच फुटला. "बाबा, तुम्ही खरं बोलत होतात," ती म्हणाली. आणि तिने ते अंगठ्याने दाबून पाहिलं.

ते दबलं...

लाकूड असं दबत नाही.

तिने चिमट्याने धरून ओढलं. काहीतरी चोखल्यासारखा आवाज झाला आणि ते तिच्या तळहातावर पडलं. माणसाचं बोट होतं. पांढरं, फुगलेलं, कातडी सैल झालेली. टोकाला पितळी टोपी, सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ती.

मावशी तिथेच ओकली.

मग तिला सगळं उमगलं. बूच नव्हतंच. पाणी आत यायला लागलं तेव्हा शिंप्याने भोकात बोट खुपसलं आणि बसून राहिला. आणि आजोबा पोहून निघून गेले.

कपाटात इतर होड्यांची जुनी बुचं होती. मावशीने त्यातलं एक आणलं, चिखलात घोळवलं आणि भोकाशी नेलं. तेवढ्यात दुसऱ्या मुठीतलं ते बोट हललं... वाकलं, आणि हळूच तिच्या अंगठ्याला अडकलं. लहान मूल गर्दीत मोठ्यांचं बोट धरतं ना, तसं.

तिने ते झटकून गाळाच्या बादलीत फेकलं. बूच ठोकलं, वरून पुन्हा गाळ लिंपला. बादली खाडीत नेऊन रिकामी केली.

सोमवारी सगळ्यांसमोर गाळ निघाला आणि बूच जागेवर दिसलं. शिंप्याच्या मुलाचे डोळे भरून आले. "आम्ही तुमच्या वडिलांना उगाच बोल लावला," तो म्हणाला. मावशी म्हणाली, "असू दे."

होडी आता वाळवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आहे. पण रोज भरती लागली की बूच भोकातून निघून जमिनीवर पडतं. रखवालदाराने आधी तक्रार केली, मग कंटाळून सोडून दिली. मावशी रोज जाऊन ते बसवायची, निवृत्त झाल्यावरही. तिचा उजवा अंगठा तेव्हापासून भिजल्यासारखा पांढरा, सुरकुतलेला असतो. कितीही पुसला तरी ओलाच. ती डाव्या हाताने, चमच्याने जेवते.

गेल्या आठवड्यात तिने मला हे सगळं सांगितलं. म्हणाली, गुडघे उचलत नाहीत, आता तू जात जा. नाही कसं म्हणणार? आजोबा माझेही होते.

काल पहिल्यांदा गेलो. बूच जमिनीवर पडलं होतं, ओलंचिंब. मी ते उचललं आणि बसवायला वाकलो.

भोक बुजलेलं होतं...

घरी येऊन चार वेळा हात धुतले. अजून जेवलो नाही. आणि उद्याची भरती सव्वाअकराला आहे.